पहिल्या हिवाळ्यातले कुरव

मोरजीजवळ शापोरा नदी समुद्राला मिळते तिथे ओहोटीला वाळूचा एक लांब पट्टा उघडा पडतो. हिवाळ्यात त्या पट्ट्यावर कुरव उतरतात आणि सगळे वाऱ्याकडे तोंड करून उभे राहतात. पहिल्या नजरेला तो एकच थवा दिसतो. दुर्बीण लावली की त्याच्यात वेगवेगळी माणसं दिसावीत तसे पक्षी दिसू लागतात. पुढच्या रांगेत काळ्या डोक्याचे आणि तपकिरी डोक्याचे कुरव. त्यांच्यात अधूनमधून सडपातळ चोचीचा एखादा. मागे गडद करड्या पाठीचे ह्युग्लिन, त्यांच्याहून थोडे फिके स्टेप कुरव. आणि या सगळ्यांच्या वर मान काढून उभा असलेला पल्लासचा कुरव, ज्याच्या पंखांचा विस्तार दीड मीटरच्या घरात जातो. उत्तरेला मालवण, देवगड, हर्णै, आंजर्ले, अक्षी, थेट शिवडीच्या चिखलापर्यंत कमीअधिक फरकाने हीच मंडळी भेटतात. देशावर उजनीच्या पाण्यावरही त्यांतले काही जण येतात.

पूर्ण वाढलेले पक्षी ओळखायला एक-दोन हिवाळे पुरतात. पाठीचा करडेपणा, पायांचा रंग, चोच, पंखांच्या टोकांवरचे पांढरे ठिपके एवढं पाहिलं की बहुतेक वेळा काम होतं. पण प्रत्येक थव्यात काही पक्षी तपकिरी असतात. अंगभर ठिपके, पट्टे, मळकट पांढरा रंग, शेपटीला काळी पट्टी. हे त्याच वर्षी जन्मलेले, पहिला हिवाळा काढायला आलेले पक्षी. अनेक निरीक्षकांची दुर्बीण त्यांच्यावरून पुढे सरकते आणि वहीत ‘कुरव, अवयस्क’ एवढीच नोंद होते. मला मात्र सबंध थव्यात वाचण्यासारखं सर्वांत जास्त याच पक्ष्यांच्या अंगावर लिहिलेलं असतं, असं वाटत आलं आहे.

सिंधुदुर्गात रापण ओढली जात असताना कुरव घिरट्या घालतात. जाळं किनाऱ्याजवळ आलं, पेडवे आणि तारल्या उसळू लागल्या की ते खाली झेपावतात. अशाच एका रापणीच्या वेळी दोरी गुंडाळत बसलेल्या एका म्हाताऱ्या रापणकाराला मी विचारलं, “काका, हे तपकिरी कुठले?” त्यांनी वरही न पाहता सांगितलं, “तेंची पिल्लां ती. मोठी झाली की पांढरी होतत.” उत्तर अगदी बरोबर होतं. पक्षीशास्त्राची पुस्तकं जिथून सुरुवात करतात, तिथेच ते होते. पुढचा प्रश्न असा, की पिल्लं कुणाची?

लहान कुरवांपासून सुरुवात करावी, कारण तिथे उत्तर मिळतं. काळ्या डोक्याचा कुरव युरोपपासून सायबेरिया ओलांडून थेट कामचाटकापर्यंत घरटी करतो. तपकिरी डोक्याचा कुरव लडाख, तिबेट, पामीरच्या उंच सरोवरांवर वाढतो. त्याचं शास्त्रीय वर्णन मद्रासच्या लष्करी सेवेतले शल्यचिकित्सक टी. सी. जेर्डन यांनी १८४० साली केलं. हिवाळ्यात दोघांच्याही डोक्यावरचा गडद टोप उतरतो आणि कानामागे एक काळपट ठिपका तेवढा उरतो. म्हणजे ज्या रंगावरून त्यांना नाव मिळालं, तो रंग आपल्याकडे बहुतेक काळ दिसतच नाही. पहिल्या वर्षाच्या पक्ष्यांत तर साम्य आणखी वाढतं. दोघांच्या पंखांवर तपकिरी पट्टा, दोघांच्या शेपटीला काळी किनार, दोघांची चोच मुळाशी फिकट नारिंगी आणि टोकाला गडद.

वाळूवर पंख मिटून उभ्या असलेल्या या जोडीकडे मी आधी चोच पाहतो. तपकिरी डोक्याच्या कुरवाची चोच जाड असते, अंगही भरलेलं असतं. दोन्ही शेजारी उभे असले तर हा फरक डोळ्यांत भरतो. एकटा पक्षी असला की मन साशंक होतं. डोळ्याचा फारसा उपयोग नाही. प्रौढ तपकिरी डोक्याच्या कुरवाचं बुबुळ फिकट असतं, पण पिल्लाचं सुरुवातीला गडदच असतं. त्यामुळे गडद डोळा दिसला म्हणून ‘काळ्या डोक्याचा’ असा निकाल देऊ नये. खरं उत्तर पंख उघडल्यावर मिळतं. पहिल्या हिवाळ्यातल्या काळ्या डोक्याच्या कुरवाच्या पंखाची पुढची कड मनगटापासून टोकाकडे पांढरी जाते. बाहेरची पिसं पांढरी, त्यांच्या कडा आणि टोकं काळी. तपकिरी डोक्याच्या पिल्लाचं पंखाचं टोक मोठ्या भागात सलग काळं असतं आणि पांढरा रंग त्याच्या आत, पंखाच्या मधल्या भागात एक तुकडा होऊन राहतो. प्रौढाच्या काळ्या टोकात जे पांढरे ठिपके चमकतात, ते पिल्लाला अजून आलेले नसतात. पक्षी डोक्यावरून उडत गेला तर खालूनही हे टोक रुंद आणि काळं दिसतं.

उजनीवर भिगवणच्या बाजूला होडीतून फिरताना हा उघडा पंख हातभर अंतरावरून पाहायला मिळतो, कारण पर्यटक शेव-फरसाण उधळतात आणि कुरव होडीच्या मागे लागतात. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या बोटींवरही हेच चालतं. फोटो उत्तम मिळतात हे खरं. तरीही तळलेलं, खारट खाणं जंगली पक्ष्याच्या तोंडी घालणं मला पटत नाही. होडी थोडा वेळ गप्प उभी राहिली तरी कुरव जवळून जातातच.

सडपातळ चोचीच्या कुरवाला मी इथे दोनच वाक्यं देतो, कारण त्याचा आकारच त्याची ओळख देतो. लांब मान, चोचीकडे हळूहळू उतरत जाणारं कपाळ, लांब चोच, लांब पाय. पहिल्या वर्षातही त्याचं अंग फिकट, कानाचा ठिपका पुसट आणि चोचीचं टोक फारसं गडद नसलेलं.

पल्लासच्या पिल्लाजवळ जरा थांबायला हवं, कारण तिथे फसगत होते. पेटर सिमोन पल्लास या रशियाच्या सेवेतल्या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाने १७७३ मध्ये या पक्ष्याचं नामकरण केलं. काळ्या समुद्राकाठापासून कझाकस्तान, मंगोलियापर्यंतच्या सरोवरांच्या बेटांवर हा घरटी करतो. त्याचं पिल्लू पाठीवरची पिसं लवकर बदलतं. पहिल्याच हिवाळ्यात पाठ करडी आणि पंख तपकिरी, असा अवतार होतो. इतर मोठे कुरव साधारणपणे दुसऱ्या हिवाळ्यात असे दिसतात. त्यामुळे पल्लासचं पहिल्या वर्षाचं पिल्लू आणि दुसऱ्या वर्षाचा स्टेप किंवा ह्युग्लिन कुरव यांची गल्लत होते. पाहायचं ते असं: पल्लासच्या डोळ्याभोवती गडद पट्टा असतो आणि त्यात डोळ्याच्या वर-खाली दोन पांढऱ्या चंद्रकोरी असतात. पोट स्वच्छ पांढरं. शेपटी पांढरीशुभ्र आणि तिच्या टोकाला काळी पट्टी, रेघ मारावी इतकी नेटकी. चोच लांब, जड, मुळाशी फिकट आणि टोकाला काळी. चेहऱ्यावरच्या त्या दोन चंद्रकोरी एकदा मनात बसल्या की लांबूनही पुरतात.

आता खरा गुंता. ह्युग्लिन, स्टेप आणि कॅस्पियन हे तीन मोठे कुरव पहिल्या हिवाळ्यात जवळजवळ एकाच मापाचे, एकाच तपकिरी-पांढऱ्या रंगाचे असतात. पहिले दोन आपल्या किनाऱ्यावर नेहमीचे, कॅस्पियन त्यामानाने कमी. पुस्तकातली चित्रं शेजारी ठेवून पाहिली तर तिघांत फरक दिसतो. वाळूवर तो फरक विरघळतो, कारण चित्रातला पक्षी एका ठरावीक महिन्यातला असतो आणि वाळूवरचा पक्षी रोज बदलत असतो.

म्हणून मी रंगाआधी तारीख पाहतो. या तिघांची घरं वेगवेगळ्या अक्षांशांवर आहेत आणि सगळा फरक तिथून निघतो. ह्युग्लिनचा कुरव रशियाच्या उत्तर टोकाला, टुंड्रात घरटं करतो. त्याच्या मुलखातला यामाल द्वीपकल्प कोकणाच्या जवळपास सरळ उत्तरेला आहे. नकाशावर रेघ ओढली तर अंतर ६००० किलोमीटरच्या आसपास भरतं. तिथे बर्फ उशिरा वितळतं, अंडी जूनमध्ये घातली जातात, पिल्लं ऑगस्टमध्ये उडू लागतात आणि लगेच दक्षिणेचा रस्ता धरतात. स्टेप कुरव उत्तर कझाकस्तान आणि नैर्ऋत्य सायबेरियाच्या गवताळ सरोवरांवर राहतो. त्याचं शास्त्रीय नावही इर्तिश आणि ओब नद्यांमधल्या बाराबा गवताळ मैदानावरून आलं आहे. कॅस्पियन कुरव काळ्या समुद्रापासून कॅस्पियन आणि पुढे कझाकस्तानपर्यंत. या दक्षिणेकडच्या मुलखांत उन्हाळा लवकर सुरू होतो, म्हणून तिथली पिल्लं ह्युग्लिनच्या पिल्लांपेक्षा आठवडेच्या आठवडे आधी जन्मतात.

पिल्लाला घरट्यात जी पिसं फुटतात, तीच घालून ते उडतं. मग पहिल्या काही महिन्यांत डोक्यावरची, अंगावरची आणि खांद्यांवरची पिसं गळून नवी येतात. पंखांची आणि शेपटीची मोठी पिसं मात्र बहुतेक जण पहिला हिवाळाभर तशीच वापरतात. आधी जन्मलेलं पिल्लू आधी पिसं बदलतं. त्यामुळे नोव्हेंबरात एकाच वाळूवर दोन पक्षी शेजारी उभे असतात आणि त्यांच्या खांद्यांवर दोन वेगळे ऋतू दिसतात. एकाच्या खांद्यांवर घरट्यातलीच गडद तपकिरी, फिकट किनारीची, खवल्यांसारखी पिसं जवळजवळ पूर्ण शाबूत असतात. तो बहुधा ह्युग्लिन. दुसऱ्याच्या खांद्यांवर फिकट करडी पिसं आलेली असतात, प्रत्येकीच्या मध्ये होडीच्या नांगरासारखी काळी खूण. तो स्टेप किंवा कॅस्पियन असण्याची शक्यता जास्त. जानेवारी उलटला की ह्युग्लिननेही खांदे बदललेले असतात आणि ही खूण दुबळी होते. तारखेविना हीच खूण निरुपयोगी.

खांदे पाहून झाले की डोकं आणि उभं राहण्याची ढब. कॅस्पियनचं डोकं लहान, कपाळ सपाट उतरतं, चोच लांब आणि दोन्ही कडा समांतर, पाय उंच आणि बारीक. चेहरा लवकर पांढरा होतो. त्यात छोटा काळा डोळा उठून दिसतो आणि मानेच्या मागे रेघांची शालच पांघरलेली असते. ह्युग्लिनचं डोकंही हिवाळ्यात उजळतं, पण डोळ्याभोवती गडदपणा राहतो. स्टेप या दोघांच्या मध्ये कुठेतरी, कधी याच्याकडे झुकणारा तर कधी त्याच्याकडे.

मग पंख उघडण्याची वाट पाहायची. ह्युग्लिनच्या पिल्लाच्या पंखावर दोन गडद पट्टे दिसतात: मागच्या कडेचा तर सगळ्यांनाच असतो, त्याच्या पुढे झाकणाऱ्या मोठ्या पिसांचा आणखी एक. आतली उड्डाणपिसंही गडद असतात, त्यामुळे मनगटापुढच्या भागात फिकट झरोका दिसत नाही किंवा अगदी अंधुक दिसतो. पंख खालून तपकिरी. शेपटीची काळी पट्टी रुंद. कॅस्पियनचा पंख खालून पांढरट असतो आणि शेपटीची पट्टी त्यामानाने अरुंद, तिच्या वरचा भाग स्वच्छ पांढरा. ह्या टोकाचा ह्युग्लिन आणि त्या टोकाचा कॅस्पियन असेल तर नाव घ्यायला हरकत नाही. मधल्या पक्ष्यांपुढे एक खूण कधीच पुरत नाही. खांदे, डोकं, पंख, शेपटी आणि तारीख या सगळ्यांनी एकच साक्ष दिली पाहिजे.

चोच तिघांचीही सुरुवातीला काळी. प्रौढ मोठ्या कुरवाच्या पिवळ्या चोचीच्या खालच्या बाजूला लाल ठिपका असतो. पिल्लू त्या ठिपक्यावर चोच मारून अन्न मागतं हे निको टिनबर्गन यांनी प्रयोगांनी दाखवलं. १९७३ च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी. पहिल्या हिवाळ्यातल्या पक्ष्याला हा ठिपका नसतो. त्याच्याकडे अन्न मागणारं कुणी नसतं, आणि प्रौढाचा रंग यायला त्याला साधारण चौथा हिवाळा उजाडावा लागतो.

यात आणखी एक शक्ती काम करत असते, ती म्हणजे आपलं ऊन. पिसांतला काळा-तपकिरी रंग मेलॅनिनचा, आणि मेलॅनिन पिसाला बळकटी देतं. ज्या भागात ते नाही, तो पांढरा भाग लवकर झिजतो. म्हणून पिल्लाच्या पिसांच्या पांढऱ्या किनारी आधी जातात आणि जिच्या आधारे आपण प्रजाती ओळखणार होतो, ती नक्षीच नाहीशी होते. उरलेला तपकिरी रंगही उन्हाने विटतो. मार्चमधला पहिल्या वर्षाचा ह्युग्लिन इतका फिकट झालेला असू शकतो, की नवशिक्याला तो कॅस्पियन वाटावा. युरोपातल्या ढगाळ हिवाळ्यात काढलेल्या फोटोंवरून कोकणातला मार्चचा पक्षी ओळखायला गेलं, तर चूक जवळजवळ ठरलेली. आपल्याला आपल्याच किनाऱ्याच्या, महिनावार फोटोंची जोड हवी.

या गुंत्याला शास्त्रज्ञही दीर्घकाळ अडकून राहिले होते. अर्न्स्ट मायर यांनी १९४२ च्या आपल्या ग्रंथात उत्तर गोलार्धातल्या मोठ्या कुरवांचं उदाहरण वलय-प्रजाती म्हणून प्रसिद्ध केलं. उत्तर ध्रुवाभोवती एकाला लागून दुसरी अशी कुरवांची साखळी आहे, शेजारच्या कड्या एकमेकींत मिसळतात, पण युरोपात साखळीची दोन टोकं भेटतात तेव्हा ती दोन वेगळ्या प्रजातींसारखी वागतात, असा तो विचार. पिढ्यानपिढ्या पाठ्यपुस्तकांत तो शिकवला गेला. २००४ मध्ये लिबर्स, द क्नाइफ आणि हेल्बिग यांनी डीएनएच्या आधारे दाखवलं, की वलय असं नाहीच. मोठ्या कुरवांची दोन प्राचीन आश्रयस्थानं होती, एक अटलांटिककाठी आणि दुसरं अरल-कॅस्पियन परिसरात, आणि आजचे प्रकार त्या दोन उगमांतून पसरले. कोकणात येणारे आपले मोठे कुरव या दुसऱ्या शाखेचे. त्यांचे मुलूख एकमेकांपासून फार पूर्वी तुटलेले नाहीत आणि काही सीमांवर संकरही होतो. तेव्हा पिल्लं इतकी सारखी दिसतात यात नवल नाही. घराणं अजून पुरतं वेगळं झालेलं नाही.

नावंही म्हणूनच हलत राहिली. जुन्या भारतीय पुस्तकांत आपले मोठे कुरव हेरिंग गल आणि लेसर ब्लॅक-बॅक्ड गल या नावांखाली येत. आज प्रचलित याद्या ह्युग्लिन आणि स्टेप यांना लेसर ब्लॅक-बॅक्ड गलच्या उपप्रजाती मानतात आणि कॅस्पियनला स्वतंत्र प्रजाती. पिसं आणि वय यांची शिस्तशीर सांगड घालून कुरव ओळखायला इंग्रजीत शिकवलं ते पीटर ग्रँट यांच्या १९८२ च्या पुस्तकाने. पुढे २००३ मध्ये ओल्सेन आणि लार्सन यांचा जाडजूड ग्रंथ आला. दोन्ही मोलाचे आहेत, पण कोकणातल्या नवख्या माणसाने त्यांच्यापासून सुरुवात करू नये असं माझं मत आहे. आधी एक हिवाळा फक्त काळ्या आणि तपकिरी डोक्यांच्या कुरवांना द्यावा. पिसं कशी बदलतात हे लहान कुरव दोन वर्षांत दाखवून देतात. मोठ्यांकडे त्यानंतर जावं.

प्रत्यक्ष किनाऱ्यावरच्या गोष्टी साध्या आहेत. ओहोटीच्या वेळा पाहून निघावं; भरतीला वाळू बुडाली की थवा विखुरतो. सूर्य पाठीशी ठेवावा. कलत्या, पिवळ्या उन्हात मात्र जपून राहावं, कारण तेव्हा करड्याच्या छटा फसव्या होतात. थव्याच्या जवळ जायची घाई करू नये. स्पॉटिंग स्कोप असेल तर लांबूनच एकेका पक्ष्याचे खांदे वाचावेत. कुरव अंग झटकतो, पंख ताणतो, कुत्रा धावत आला की सगळे एकदम उडतात. त्या क्षणांसाठी कॅमेरा तयार ठेवावा आणि एकाच पक्ष्याच्या उभ्या आणि उडत्या दोन्ही अवस्था टिपाव्यात. फोटोखाली तारीख आणि जागा लिहिलीच पाहिजे. कोणत्या पक्ष्यासाठी कोणती खूण पाहिली, तेही दोन ओळींत लिहावं.

आणि जो पक्षी ओळखता आला नाही, त्याची नोंद ‘मोठा कुरव, पहिला हिवाळा, प्रजाती अनिश्चित’ अशी करावी. आता नोंदी ऑनलाइन होतात, यादीत नावं वाढतात, आणि दुर्मीळ कॅस्पियन आपल्या खात्यावर असावा असा मोह होतो. तो मोह आवरणं हाही निरीक्षणाचाच भाग आहे. चुकीच्या नावाची नोंद पुढे कुणाच्या तरी नकाशावर ठिपका होऊन बसते. अनिश्चित नोंद मात्र वाया जात नाही. थव्यात शंभरांमागे पहिल्या वर्षाचे किती, हे मोजलं तरी त्या वर्षी उत्तरेत पिल्लं कितपत जगली याचा अंदाज बांधता येतो. त्यासाठी प्रजातीचं नाव ठरलं नाही तरी चालतं. वय बरोबर ओळखलेलं लागतं. ही मोजणी कुठल्याही गावातल्या शाळा-कॉलेजच्या मुलांना करता येण्यासारखी आहे, आणि दर हिवाळ्यात त्याच पुळणीवर झाली तर तिची किंमत वाढत जाते.

नाव मात्र जिथे ठरवता येतं तिथे ते नीट ठरावं, याला आणखी एक कारण आहे. २००५ मध्ये चीनच्या चिंगहाई सरोवरावर बर्ड फ्लूने हजारो जंगली पक्षी मेले. त्यांत पट्टकादंब हंसांबरोबर तपकिरी डोक्याचे आणि पल्लासचे कुरव होते. हे दोन्ही कुरव आपल्याकडे हिवाळा काढतात. उद्या एखाद्या किनाऱ्यावर मेलेले पक्षी सापडले, तर ‘सीगल मेले’ या माहितीने फार काही कळणार नाही. कोणत्या जातीचे, कोणत्या वयाचे, हे सांगणारं माणूस त्या गावात हवं.

सध्या बहुतेक निरीक्षक डिसेंबर-जानेवारीत किनारा गाठतात. तेव्हा हवा चांगली असते, सुट्ट्या असतात, थवेही मोठे असतात. पण नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा आणि एप्रिल हे दोन टप्पे हातातून निसटतात. नोव्हेंबरात घरट्यातली पिसं ताजी असतात. एप्रिलपर्यंत प्रौढ पक्षी उत्तरेला गेलेले असतात आणि मागे रेंगाळलेल्या लहान टोळीत पहिल्या वर्षाचेच पक्षी जास्त असतात, उन्हाने विटलेले, कडा झिजलेले, नुसते पाहिले तर ओळखण्यापलीकडचे. याच सुमाराला दक्षिणेकडच्या मुलखांत जन्मलेली पिल्लं मनगटापुढच्या उड्डाणपिसांतलं सर्वांत आतलं पीस गाळू लागतात. उडताना पंखाच्या मध्यावर छोटी फट दिसते, आणि पुढे तिथून बाहेरच्या बाजूला एकेक पीस क्रमाने बदलत जातं. कुठल्या पक्ष्यात ही फट कधी पडते, हे तारखेसह टिपलेले कोकणातले एप्रिल-मेचे फोटो स्टेप आणि ह्युग्लिन वेगळे करायला फार उपयोगी पडतील. त्यासाठी आंब्याच्या दिवसांत गावी गेलेल्या कुणीही सकाळी ओहोटीला खाडीच्या मुखाशी जाऊन, उडणाऱ्या तपकिरी कुरवाचा उघडा पंख कॅमेऱ्यात घ्यायचा आहे.